साठ तासांची ताई

ऑगस्ट संपत आला की माझा फोन सुरू होतो. "मॅडम, तुमच्याकडे मुलांना शिकवायला येऊ का? आमचे साठ तास पूर्ण करायचेत." पुढचा प्रश्न ठरलेला, सर्टिफिकेट मिळेल ना, आणि त्याच्या पुढचा, की शनिवार-रविवार धरून पंधरा दिवसांत होईल का म्हणजे परीक्षेच्या आधी फाइल सबमिट करता येईल. ही पोरं वाईट नाहीत, अजिबात नाहीत. बोलताना किती अदबीने बोलतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना खरंच मनापासून काहीतरी करायचं असतं. पण गेल्या दोन-तीन वर्षांत असे फोन इतके वाढलेत की आता यावर नीट आणि जाहीरपणे बोलायला पाहिजे असं मला वाटायला लागलंय.

मी पुण्यात वाकड-हिंजवडीच्या बाजूला बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेत स्वयंसेवकांचं काम बघते. नोकरी सांभाळून, अकरा वर्षं झाली. म्हणजे कोण कधी आलं, किती दिवस टिकलं आणि गेल्यावर वर्गात काय झालं हे मी जवळून बघितलंय.

फोन वाढायचं कारण सोपं आहे. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडे पदवीला २०२३-२४ मध्ये स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून बाकीच्या संलग्न कॉलेजांत लागू झालं, आणि त्यात कम्युनिटी एंगेजमेंट, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग असे क्रेडिटचे, म्हणजे पदवीत मोजले जाणारे, विषय आले. अशा कामात एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचं काम ६० तासांचं आणि चार क्रेडिटची इंटर्नशिप १२० तासांची. कल्पना मला आवडते. बीकॉम करणाऱ्या मुलाने तीन वर्षांत एकदा तरी लेबर कॅम्पमध्ये पाऊल टाकावं, ज्या टॉवरमध्ये आपल्या मामाने फ्लॅट बुक केलाय तो बांधणारी माणसं कुठे झोपतात ते बघावं, यात चूक काहीच नाही. चूक आहे ती हे तास कसे उरकले जातात त्यात. कॉलेज सांगतं अमुक तारखेच्या आत सही-शिक्का आणा, पोरं मग सगळे तास सलग दोन-तीन आठवड्यांत कोंबतात आणि त्यातली सर्वात सोपी जागा शोधतात, ती म्हणजे लहान मुलांची संस्था. कारण मुलांना शिकवणं कुणालाही जमतं असा आपल्या सगळ्यांचाच समज आहे. हॉस्पिटलमध्ये कुणी जाऊन म्हणत नाही की पंधरा दिवस मला पेशंट तपासू द्या.

माझं म्हणणं असं आहे की जो माणूस किमान एक शैक्षणिक वर्ष, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊ शकत नाही त्याला कुठल्याच संस्थेने लहान मुलांसमोर शिकवायला किंवा खेळवायला उभं करू नये. माणसं कमी असली तरी करू नये. त्यांच्यासाठी दुसरी भरपूर कामं आहेत, त्याबद्दल पुढे बोलतेच.

आमच्या साइटवरची मुलं कुठून येतात बघा. नांदेड, लातूर, यवतमाळ, पलीकडून गुलबर्गा-रायचूर, आणि हल्ली छत्तीसगड, बिहार, बंगाल. पत्र्याच्या खोल्या, दोन ओळींच्या मधे पाण्याच्या टाक्या, आणि एका कोपऱ्यात बिल्डरने दिलेली खोली, तोच आमचा वर्ग. स्लॅबचं काम संपलं की सेंट्रिंगवाले दुसऱ्या साइटवर जातात, मग प्लास्टरवाले येतात, मग टाइल्सवाले, आणि प्रत्येक टोळीबरोबर मुलांचा जथ्था बदलतो. दिवाळीला गावी गेलेलं कुटुंब परत याच साइटवर येईल याची खात्री नसते. या मुलांच्या आयुष्यात घर, गाव, शाळा, दोस्त सगळं सुटत असतं, आणि ते सुटणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की एकदा एका सहा-सात वर्षांच्या मुलीने नव्या आलेल्या स्वयंसेविकेला पहिल्याच दिवशी विचारलं, "तू किती दिवसाची ताई हाईस?" रागाने नाही विचारलं तिने. आपण एसटीत चढताना कंडक्टरला विचारतो ना गाडी कुठपर्यंत जाते, तसं विचारलं. उत्तर ऐकून ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि पुढचे दहाबारा दिवस त्या ताईशी कामापुरतंच बोलली.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की अहो मुलंच सहा महिन्यांत निघून जातात, मग स्वयंसेवक वर्षभर कशाला हवा. मला वाटतं उलट आहे. बाकी सगळं हलत असतं म्हणूनच वर्गातलं माणूस हलता कामा नये. एखादं मूल चारच महिने असेल तर त्या चार महिन्यांत त्याला एकच चेहरा दिसला पाहिजे, आणि ते आठ महिन्यांनी परत त्याच साइटवर आलं, येतात कधीकधी, तर तोच चेहरा पुन्हा दिसला पाहिजे. अक्षरओळख सुद्धा त्यामुळेच पुढे सरकते. दर पंधरा दिवसांनी नवा माणूस आला की तो पुन्हा अ पासून सुरू करतो. आमच्याकडे एक मुलगा असा होता ज्याने एका वर्षात सात वेळा 'कमळ' गिरवलं होतं आणि जोडाक्षरापर्यंत एकदाही पोचला नव्हता, कारण प्रत्येक नवीन दादाला वाटायचं की आपणच याला पहिल्यांदा शिकवतोय.

मी हे दुसऱ्यांना उपदेश म्हणून सांगत नाहीये. मी स्वतः कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका बालगृहात दर रविवारी जायचे. चार महिने नियमाने गेले, मग परीक्षा आली, मग घरात लग्न निघालं, आणि मग नाहीच गेले, कळवलं सुद्धा नाही. दोन वर्षांनी तिथल्या एक ताई भेटल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की एक मुलगा पुढचे कितीतरी रविवार सिनेमा लावला तरी वरच्या हॉलमध्ये जायचा नाही, ताई येतील म्हणून खाली थांबायचा. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. मी त्याच्याशी वाईट वागले नव्हते, फक्त चांगलं वागून निघून गेले होते.

बालगृहांत तर हे आणखी गंभीर असतं. साइटवरच्या मुलाला रात्री परत जायला आई असते, दमलेली का होईना. बालगृहातल्या मुलाचं रोजचं जगच येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्यांवर चालतं. जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला होता, त्यात त्याने मांडलं की लहान मुलाच्या मनाच्या वाढीसाठी आई किंवा आईच्या जागी कायम असणारं एक माणूस आणि त्याच्याशी अखंड, मायेचं नातं लागतं. पुढे या विषयावर खूप काम झालं आणि संस्थांमध्ये वाढलेल्या मुलांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसली, की ती अनोळखी माणसाच्या सुद्धा पटकन गळ्यात पडतात. आपण पहिल्यांदा भेटायला जातो, एक चार वर्षांचं पोर धावत येऊन पायाला मिठी मारतं, आपले डोळे भरून येतात आणि आपण घरी येऊन सांगतो की किती लळा लागला एका दिवसात. तो लळा नसतो हो. आपल्या घरातलं चार वर्षांचं मूल असं अनोळखी माणसाकडे जातं का? आईच्या ओढणीमागे लपतं. धावत येऊन बिलगणं हे त्या मुलाला एक ठराविक माणूस मिळालेलं नाही याचं लक्षण असतं, आणि आपण त्याच लक्षणाला प्रेम समजून दर रविवारी ते वाढवत राहतो.

वाढदिवसाचं पण तेच. केक घेऊन बालगृहात जायची आता पद्धतच पडलीये, पुण्यात तर शनिवार-रविवारच्या तारखा आधी बुक कराव्या लागतात काही ठिकाणी. पैसे द्या, धान्य द्या, जरूर द्या. पण दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवायला ओळीत बसणं हे काही त्या मुलांचं काम नाही, आणि त्यांचे फोटो, रील्स तर बिलकुल नकोत. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं छापणं, दाखवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे किती संस्था आलेल्या पाहुण्यांना सांगतात? देणगीदार दुखावेल म्हणून सांगत नाहीत, ही खरी गोष्ट आहे.

नेपाळ आणि कंबोडियात हे प्रकरण कुठल्या थराला गेलं ते माहिती असायला हवं. परदेशातून पोरंपोरी दोन-चार आठवडे अनाथाश्रमात व्हॉलंटियरिंग करायला यायची, त्यासाठी पैसे मोजायची, आणि तो पैसा दिसायला लागल्यावर आईबाप जिवंत असलेली खेड्यापाड्यातली मुलं शिक्षणाचं आमिष दाखवून आणून अशा आश्रमांत ठेवली जायला लागली. मुलं होती म्हणून स्वयंसेवक येत नव्हते, स्वयंसेवक येतात म्हणून मुलं आणली जात होती. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा गुलामगिरीचाच प्रकार असल्याचं मान्य केलं. आपल्याकडे बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल ठेवता येत नाही, संस्थेची नोंदणी लागते, म्हणून इथे चित्र वेगळं आहे. पण आपल्या बालगृहांतल्या किती मुलांना आई किंवा वडील आहेत हे एकदा तिथल्या अधीक्षकांना विचारून बघा. नवरा गेला, बाई एकटी, कमाई नाही, म्हणून मूल संस्थेत. बालन्याय कायदाच सांगतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे जिच्यात अशा मुलाला घरीच ठेवून महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात.

आणि इथेच मला त्या साठ तासांचा खरा उपयोग दिसतो. बालसंगोपनचा अर्ज भरायला काय काय लागतं माहितीये? आधार, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वडील गेले असतील तर मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं खातं, फोटो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातल्या एकेका कागदासाठी एकेक खाडा करावा लागतो, आणि आधारवर नाव वेगळं, शाळेत वेगळं असं निघालं की ती नादच सोडते. बीकॉमची दोन मुलं एका वस्तीत साठ तास बसली, दहा बायांचे कागद गोळा करून अर्ज शेवटपर्यंत नेले, तर दहा मुलं घरी राहू शकतात. या कामात मुलाला लळा लावायचा प्रश्नच येत नाही, आणि त्या दोघांना तहसील कार्यालय, सेतू केंद्र, महिला व बालविकास विभाग कसा चालतो हे कळतं. कुठल्याही वर्गात बसून कळणार नाही इतकं कळतं.

थोड्या दिवसांचं काम वाईटच असतं असं मी म्हणतच नाहीये, ते नेमकं असावं लागतं. प्रथम संस्थेची 'असर' पाहणी बघा, २००५ पासून चालू आहे. एका जिल्ह्यात ३० गावं, एका गावात २० घरं, आणि घरी जाऊन मुलांना एक छोटा उतारा वाचायला द्यायचा, गणित द्यायचं, नोंद करायची. जिल्ह्याजिल्ह्यातले स्थानिक स्वयंसेवक, त्यात खूप कॉलेजची मुलं, आधी प्रशिक्षण घेतात आणि दोन दिवसांत गाव पूर्ण करतात. त्यांनी कुणाला शिकवलं नाही, कुणाचे लाड केले नाहीत, पण पाचवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही ही गोष्ट देशाला त्यांच्यामुळे आकड्यांत दिसली. पुण्यात डोअर स्टेप स्कूलने नागरिकांना सोबत घेऊन आपापल्या भागातल्या साइटवरची शाळेबाहेरची मुलं शोधायची मोहीम केली, ते पण असंच काम, एक संध्याकाळ दिलीत तरी उपयोगी. आमच्याकडे सुद्धा लायब्ररीच्या पुस्तकांना कव्हर घालणं, हजेरी एक्सेलमध्ये चढवणं, शाळाप्रवेशासाठी महापालिकेच्या शाळेत चकरा मारणं, देणगीच्या पावत्या, वर्गखोलीला रंग, अशी कामं बारा महिने पडून असतात. पण फोनवर हे सांगितलं की समोरून आवाज उतरतो, "मॅडम, मुलांसोबत काही नाही का?" मला त्या मुलांचा राग येत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की मुलांसाठी काम करणं आणि मुलांसोबत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सर्वात वजनदार आक्षेप. मोठमोठ्या संस्था कॉलेजच्या स्वयंसेवकांमधूनच तर उभ्या राहिल्या! खरंय. मुंबईत शाहीन मिस्त्री यांनी कॉलेजात असतानाच वस्तीतल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून १९९१ साली आकांक्षाचं पहिलं केंद्र १५ मुलांना घेऊन सुरू झालं, कॉलेजची मुलं स्वयंसेवक म्हणून शिकवायची. पण पुढचं पण बघा ना. आकांक्षा पूर्णवेळ शिक्षक असलेल्या शाळा चालवण्याकडे वळली, आणि त्याच बाईंनी जेव्हा टीच फॉर इंडिया सुरू केलं, २००९ मध्ये पहिली तुकडी पुण्या-मुंबईच्या वर्गांत गेली, तेव्हा अट काय ठेवली? दोन वर्षं, पूर्णवेळ, पगार घेऊन. दोन वर्षं पण कमीच असं माझं मत आहे, त्यावर वेगळा वाद घालता येईल. पण फावल्या वेळातून पूर्णवेळेकडे हा जो प्रवास झाला तो काहीतरी सांगतो.

आणि त्याही आधीचं आपल्या घरचं उदाहरण आहे. अनुताई वाघ १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांकडे आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं, ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, आणि अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिल्या. सत्तेचाळीस वर्षं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा या बायका बालवाडी घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या, तिथून अंगणवाडी हा शब्द आला जो आज सगळ्या देशाने घेतलाय. पोरं गुरं राखायला कुरणात जातात हे बघून कुरणशाळा काढली. हे पंधरा दिवसांत सुचत नाही. मूल का येत नाही हे कळायला आधी त्याच पाड्यावर एक पावसाळा काढावा लागतो. प्रत्येकाने अनुताई व्हावं असं मी म्हणत नाही, कसं म्हणणार, मीच नोकरी सांभाळून करतेय. पण त्या परंपरेत आपण इतके खाली आलोय की साठ तासांच्या कामाला समाजसेवा म्हणायला लागलो.

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मला जास्त लांब लिहावंसं वाटतं, ती म्हणजे पगारी ताईची. आमच्या प्रत्येक वर्गावर एक ताई असते, त्याच भागात राहणारी, बारावी किंवा बीए केलेली, घरचं आवरून येते, तुटपुंजं मानधन घेते. तीच मुलांची नाकं पुसते, उवांचं औषध आणते, ठेकेदाराशी भांडून खोलीला लाइट घेते. आणि शनिवारी चार नवीन इंटर्न येतात, छान कपडे, हातात चॉकलेट, कलरबॉक्स, मुलं त्यांच्याभोवती गोळा. सोमवारी ताई पाढे म्हणायला लावते तेव्हा मुलं विचारतात ती दीदी कधी येणार. ताईने सहा महिन्यांत बसवलेली वर्गाची घडी एका शनिवारी विस्कटते, आणि परत बसवायचं काम तिचंच. तिला कुणी सर्टिफिकेट देत नाही, तिच्याबरोबर सेल्फी कुणी काढत नाही.

लहान मुलांचं काम म्हणजे माया, आणि मायेचे काय पैसे घ्यायचे, या समजुतीवर हे सगळं उभं आहे. अंगणवाडी सेविकांना आजही मिळतं ते मानधन, वेतन नाही. डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस राज्यातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस संपावर होत्या, त्यांच्या मागण्यांत योग्य वेतन आणि ग्रॅच्युइटी होती. जोपर्यंत कुणीही सहज येऊन फुकट करून जाईल असं हे काम आपण समजतो तोपर्यंत ते रोज करणाऱ्या बाईला पूर्ण पगार देणं कुणाला गरजेचं वाटणार नाही. म्हणून जेव्हा कंपन्या मला विचारतात की आमचे चाळीस कर्मचारी एक दिवस पाठवू का, मी सांगते की त्या दिवसाच्या बसचा, टीशर्टचा, जेवणाचा खर्च आहे तो एका ताईच्या मानधनात भर म्हणून द्या. वर्षाकाठी एखादी कंपनी ऐकते.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात पण अगदी स्पष्ट सांगायला हवं. तीन-चार वर्षांपूर्वी एका मुलीने आमच्याकडच्या एका इंटर्नला सांगितलं की शेजारच्या खोलीतला एक माणूस तिला त्रास देतो. इंटर्न वीस वर्षांची, घाबरली, मुलीने "कुणाला सांगू नको" म्हटलेलं, तिने नाही सांगितलं, तिचे तास संपले, ती गेली. बारा दिवसांनी रात्री झोप येत नाही म्हणून तिने मला फोन केला. ते बारा दिवस मी विसरू शकत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असं काही कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, स्वयंसेवकावर पण. पण त्या मुलीला हे आम्हीच आधी सांगितलं नव्हतं. चूक तिची नव्हती, आमची होती. तेव्हापासून पोलीस व्हेरिफिकेशन, अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन कधी लावायची, मुलाला "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच द्यायचं नाही, मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, हे झाल्याशिवाय आम्ही कुणालाच वर्गात सोडत नाही. लहान मूल मनातलं गोड बोलणाऱ्या, नव्या माणसाला पटकन सांगून टाकतं. ते ऐकणारं माणूस पुढच्या आठवड्यात तिथे असलं पाहिजे.

इंटर्नशिपच्या नावाखाली दुसराच एक प्रकार चालतो तो पण सांगते, कारण माझ्या भाचीच्या बाबतीत झाला. तिने नेटवर एका संस्थेची 'सोशल वर्क इंटर्नशिप' बघून अर्ज केला, एका महिन्याची, घरून. निवड झाली, व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं, आणि पहिल्याच दिवशी देणगीची लिंक आणि टार्गेट. नातेवाईकांची यादी करा, रोज इतक्या जणांना मेसेज करा, टार्गेट झालं तर सर्टिफिकेट, जास्त झालं तर शिफारसपत्र. महिनाभरात तिला एकही मूल दिसलं नाही, संस्थेचं ऑफिस कुठे आहे तेही कळलं नाही, आणि शेवटी माझ्या बहिणीनेच पैसे भरले म्हणून ते टार्गेट झालं. पैसे गोळा करणं हलकं काम नाही, संस्था पैशावरच चालते. मुंबईत १९७९ मध्ये विमानात पर्सरची नोकरी करणारे रिपन कपूर आणि त्यांचे मित्र यांनी ५० रुपयांवर क्राय ही मुलांसाठी काम करणारी संस्था सुरू केली ती लोकांकडे मागून, ग्रीटिंग कार्डं विकूनच वाढली. पण त्याला निधीसंकलन म्हणा ना सरळ. मुलीला शिकायचंय म्हणून बोलवायचं आणि तिच्या मामा-मावशीच्या खिशापर्यंत पोचायची वाट म्हणून तिला वापरायचं, हे बरोबर नाही, आणि कॉलेजांनी अशा सर्टिफिकेटला क्रेडिट देता कामा नये.

शिवाय फुकट इंटर्नशिप करू कोण शकतं? ज्याच्याकडे टू-व्हीलर आहे आणि घरून डबा येतो तो. करमाळ्याहून पुण्यात शिकायला आलेला, रात्री स्विगी करणारा मुलगा दोन बस बदलून साइटवर कसा येईल? आमच्याकडचा आजवरचा सर्वात चांगला स्वयंसेवक म्हणजे अशाच एका लेबर कॅम्पमध्ये वाढलेला, आता एसवायबीएला असलेला मुलगा. त्याला कुणी विचारत नाही किती दिवसाचा दादा. त्याला आम्ही बसचे आणि नाश्त्याचे पैसे देतो, कमी देतो, पण देतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

मग करायचं काय? हिशोब अगदी साधा आहे. एका सत्रात साधारण १५ आठवडे शिकवणं होतं, दोन सत्रांचे ३०. आठवड्याला दोन तास धरले तर ३० आठवड्यांत ६० तास होतात. तितकेच तास, तितकेच क्रेडिट, फक्त पंधरा दिवसांत कोंबण्याऐवजी जुलै ते एप्रिल पसरलेले. समाजकार्याच्या कॉलेजांत हे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. आजचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्यात सुरू झालं, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची, आणि या शिक्षणात फील्डवर्क म्हणजे आठवड्यातले दिवस ठरलेले, वर्षभर तीच जागा, प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग लिहायचं, आणि सुपरवायझर ते वाचून प्रश्न विचारणार. विद्यापीठांनी नवीन काही शोधायचं नाहीये. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांसाठी तेच थोड्या सोप्या रूपात आणायचं, दोन सत्रांत एकच काम विभागू द्यायचं, आणि संस्थेच्या सही-शिक्क्याऐवजी त्या मुलाने लिहिलेली तीस आठवड्यांची वही तपासायची. ज्याला हे जमणार नाही त्याने कागदपत्रांची, सर्वेची, रंगकामाची कामं घ्यावीत, क्रेडिट तेवढंच मिळावं. आणि आम्हा संस्थांनी पण नाही म्हणायला शिकलं पाहिजे. वार्षिक अहवालात '२०० स्वयंसेवक' छापायला छान वाटतं, पण त्याऐवजी त्यातले किती जण वर्षभर टिकले तो आकडा छापायची हिंमत करायला हवी. आमचा गेल्या वर्षीचा आकडा नऊ आहे.

मागच्या महिन्यात असाच एक फोन आला. बीएस्सीची मुलगी, साठ तास, पंधरा ऑक्टोबरच्या आत. मी तिला हा तीस आठवड्यांचा हिशोब सांगितला. ती म्हणाली मला चालेल पण आमच्या सरांना चालणार नाही. मग मी तिच्या विभागप्रमुखांना दीड पानाचं पत्र लिहिलं, वर जे लिहिलंय तेच जरा औपचारिक भाषेत. उत्तर अजून आलेलं नाही. मुलगी मात्र बुधवारपासून यायला लागलीये. पहिले तीन आठवडे तिला ताईच्या मागे बसून फक्त बघायचंय आणि हजेरी लिहायचीये, परवा ती मला विचारत होती की हजेरीत एकाच मुलाची दोन नावं का आहेत, आणि ताईने तिला सांगितलं की एक गावाकडच्या शाळेतलं आहे आणि एक आईने ठेवलेलं, दोन्ही लिही.